जमीन लागली

समुद्रावरून परत आला त्या दिवशी माझा नवरा दारात उभा होता आणि डुलत होता. फार नाही. खांद्यावर बॅग, हातात कंपनीनं दिलेली निळी पिशवी, आणि अंग जरासं डावीकडे जाऊन पुन्हा उजवीकडे येत होतं. चप्पल काढताना त्यानं चौकटीला हात लावला. मी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले होते, तो तसाच हातात धरून बघत राहिले. तांब्या मी त्याच्या हातात दिला नाही, खाली ठेवला, म्हणजे उचलताना हात कसा चालतो ते दिसेल.

लिहिताना मी नवऱ्याला एकेरीच लिहिणार आहे. चारचौघांत त्याला 'अहो' म्हणते, पण मनातल्या मनात लग्नापासून 'तो'च म्हणत आलेय, आणि ही गोष्ट बरीचशी माझ्या मनातच घडलेली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीच्या वह्या तपासून तपासून संशय माझ्या अंगातच मुरला आहे. एका बाकावरच्या दोघांनी एकच शब्द सारखाच चुकवला की कोणी कोणाचं बघून लिहिलं ते मी मान वर न करता सांगते. माझी धाकटी बहीण म्हणते, हिच्यापुढं साक्षात देव उभा राहिला तरी ही आधी आधार कार्ड मागेल. मागेनच. त्यात वाईट काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पण नवऱ्यावरचा संशय काही शाळेतून आलेला नाही. तो त्यानंच शिकवला. वडवणीत त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, खतं, बियाणं, फवारणीची औषधं. पूर्वी तो प्यायचा. रोज प्यायचा आणि रोज नाही म्हणायचा. दारूपेक्षा त्या नाही म्हणण्याचा मला जास्त राग यायचा. तोंडात लवंग, खिशात बडीशेप आणि ओठावर 'मीटिंग होती'. दुकानात औषधांचा वास इतका उग्र की त्याच्या कपड्यांत दुसरा कुठला वास सापडायचाच नाही. मग मी वासाचा नाद सोडला आणि चाल बघायला लागले. चालीत तो हमखास सापडायचा. दोन पेले झाले असले की आत येताना डावा खांदा आधी यायचा.

अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या दहावीच्या निरोप समारंभाला तो पिऊन आला आणि स्टेजच्या पायरीवर बसून राहिला. लेक माईकवर बोलत होती, ती मध्येच थांबली. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याला इतकंच सांगितलं, यापुढं एकदा जरी घेतलीत तर मी माजलगावला माहेरी जाईन आणि परत येणार नाही. मी ओरडले नव्हते, म्हणून त्याला ते खरं वाटलं असावं. त्याच वर्षी गावच्या सप्ताहात त्यानं माळ घातली. आमच्याकडे अमक्यानं दारू सोडली असं कोणी म्हणत नाही, माळ घातली असं म्हणतात. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू बंद, मटण बंद, आणि त्याच्यावर नजर ठेवायला सगळं गाव मोकळं. ती माळ मी माझ्या हातानं पिवळ्या दोऱ्यात ओवली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो घरी आला की मी काहीतरी कामाचं निमित्त काढून दारात असायची आणि खांदा बघायची.

क्रूझची भानगड खताच्या कंपनीनं काढली. ठरलेला माल विकला की डीलरला सहल. यंदा मुंबईहून निघणारं मोठं जहाज होतं, चार रात्री पाण्यावर. घरच्यांना न्यायची सोय नाही, असं त्यानं सांगितलं आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. डीलर लोकांच्या सहली कशा असतात ते तालुक्यात कोणाला माहीत नाही? मी विचारलं, जहाजावर असतं तरी काय काय. म्हणाला, पोहायचा हौद असतो, नाटक-गाणी असतात, शाकाहारी जेवण वेगळं असतं. बारचं नाव त्यानं घेतलं नाही. इतकी सगळी यादी सांगितली आणि नेमकं तेवढंच राहिलं, म्हणजे ते डोक्यात असणारच, असं मी धरून चालले.

आणि आता हा असा डुलत परत आला होता.

पहिले दोन दिवस मी फक्त बघितलं. अंघोळीला जाताना तो भिंतीला हात लावत जायचा. देवापुढं उदबत्ती ओवाळताना उदबत्तीपेक्षा तोच जास्त ओवाळला जायचा. पलंगावर बसला की दोन्ही तळवे गादीवर टेकवायचा. विचारलं की थकवा आहे म्हणायचा. त्याच्या पाण्याच्या बाटलीचा मी वास घेतला. त्याच्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे केले; त्यात टोपी, एक साबणाची वडी आणि जहाजाचं चित्र असलेला पेला सापडला. पेला मी धुऊन माळ्यावर टाकला. तो दुकानात नसताना मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन युरियाच्या थप्प्यांमागं हात घालून बघितला. हाताला जाळी लागली, बाटली लागली नाही. बाटली न सापडल्यानं मला बरं वाटायला हवं होतं, पण हा आता जास्त हुशार झाला असणार असंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात तोंड धुवत होता. मी सरळ विचारलं, "कावून डुलायलात तुमी?"

त्यानं नळ बंद केला. "लोकांना गाडी लागती, बोट लागती," तो म्हणाला. "मला बोट न्हाई लागली. तिथं मी ठणठणीत होतो. हितं आल्यावर मला जमीन लागली."

मला हसू आलं, पण मी आवरलं. इतकं छान वाक्य माणसाला आयत्या वेळी सुचत नाही, हे त्यानं वाटेत येतानाच जुळवलेलं असणार. पण ते वाक्य माझ्या एकटीच्या कानावर पडलं नव्हतं. आमची आणि शेजारणीची भिंत एकच. दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं मला भाजीवाल्यासमोर गाठलं आणि विचारलं, कुठं लागली म्हणं जमीन? हायवेला का कालव्याला? आमच्या भागात जमीन लागते ती अशीच, रस्त्याला नाहीतर कालव्याला. सरकार घेतं आणि मोबदला देतं. दोन दिवसांत गावात झालं की आमची जमीन हायवेत गेली. तिसऱ्या दिवशी झालं की कंपनीनं मुंबईत प्लॉट दिला. एका पुढाऱ्याची पांढरी गाडी दुकानापुढं थांबली आणि काच खाली करून विचारणा झाली, आमाला कसं कळलं न्हाई?

मग नवऱ्याला प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं की जमीन गेली नाही, जमीन हलतेय. हे त्याहून वाईट झालं. ऐकणारा माणूस आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा, मग गळ्यातल्या माळेकडे, आणि मग पावसापाण्याचं बोलायचा. शाळेत एका सहकारी शिक्षिकेनं मला, सगळं बरं आहे ना, असं फार मायेनं विचारलं. अकरा वर्षांपूर्वी ती अगदी ह्याच आवाजात विचारायची.

त्याच आठवड्यात मला माळ दिसली. तशी ती रोजच दिसते, पण त्या दिवशी तो उघड्या अंगानं ओट्यावर केस पुसत होता आणि ऊन नेमकं गळ्यावर होतं. दोरा पांढरा होता. चकचकीत, नायलॉनसारखा. मी ओवलेला दोरा पिवळा, सुती होता आणि अकरा वर्षांत मळून काळपट झालेला होता.

माळेचा दोरा बदलणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या तालुक्यात काही माळकरी असे आहेत की प्यायची झाली की माळ उतरवतात, खुंटीला अडकवतात, पितात, आणि सकाळी अंघोळ करून परत घालतात. त्यांच्या मते माळेनं पाहिलं नाही म्हणजे घडलं नाही. आमची माळ गळ्याला दोन वेढे घालून होती आणि गाठ मी मुद्दाम अशी मारली होती की ती डोक्यावरून निघू नये. काढायची तर कापावीच लागणार. म्हणजे ह्यानं कापली.

मी आत गेले आणि पलंगाखालच्या बॅगेत चार साड्या, सेवापुस्तकाची झेरॉक्स आणि चष्म्याची जादा जोडी भरली. पन्नाशी उलटल्यावर माहेरी कोण वाट बघतं? आई-वडील नाहीत, भाऊ-भावजय चांगले आहेत, पण ते त्यांच्या घरात चांगले आहेत. तरी भरली. बोलले होते ते खरं करायला हवं होतं. त्या दिवशी वर्गात मी पाढे म्हणून घेत होते आणि माझं लक्ष एकाही पोराकडे नव्हतं.

रविवारी युसूफ वडगाव या गावचा एक डीलर घरी आला. जहाजावर नवऱ्याच्याच खोलीत होता. वडवणीत पाहुण्यांकडे कार्यक्रम होता, म्हणून जाता जाता चहाला टेकला. नवरा दूध आणायला गेला आणि मला हवी होती तशी संधी मिळाली. दोन पोरांना वेगवेगळं उभं करून विचारायचं, ही माझी जुनी पद्धत. मी सहज विचारावं तसं विचारलं, माळ कशी हो तुटली यांची?

तो माणूस हसायलाच लागला. पहिल्याच दिवशी म्हणे सगळ्यांना डेकवर उभं करून बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकवलं. नारिंगी जाकिटं घालायला लावली. काढताना नवऱ्याच्या जाकिटाचा पट्टा माळेत अडकला आणि माळ तटकन तुटली. मणी डेकभर पसरले. हा गडी खुर्च्यांखाली रांगत मणी गोळा करतोय, परप्रांतातली माणसंही वाकून वाकून वेचून देतायत.

"वहिनी, माळ गळ्यात न्हाई म्हणून ह्यानं पाण्याचा घोट घेतला न्हाई," तो म्हणाला. "आमी सगळे वर गेलतो. हा खाली मणी ओवीत बसलता. खोलीत शिवायचं पाकीट असतंय, त्यातला दोरा घेतला. बोट हालायची, सुईत दोरा जायचा न्हाई. दिस मावळला तवा जेवला. एक मणी तर घावलाच न्हाई."

दोऱ्याचा रंग मी विचारला. पांढरा, तो म्हणाला. उत्तर बरोबर होतं, पण पढवलेलंही असू शकतं. म्हणून दुपारी नवरा जेवून आडवा झाला, डोळे मिटले, तेव्हा मी त्याच्याजवळ बसले आणि एका बोटानं मणी मोजले. गळ्यावरचे, खांद्याकडचे, मानेखाली दबलेले. दोनदा मोजले. एकशे सात भरले. एकशे आठ मी स्वतः ओवले होते.

मला रडू आलं. कुठल्याशा समुद्रात हा माणूस दिवसभर उपाशी बसून सुईत दोरा घालत होता आणि मी इथं गोडाऊनमध्ये बाटली हुडकत होते. मला माझी लाज वाटली, हे मोकळेपणानं लिहिते.

पण लाज फार टिकली नाही, कारण त्या डीलरनं जाताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाकीच्यांनाही घरी आल्यावर हललं म्हणे, पण दोन दिवस. फार तर तीन. "यांचं आजूक हाय?" त्यानं आश्चर्यानं विचारलं होतं. दोन आठवडे होत आले होते. जहाजावर घेतली नाही हे कबूल, पण मग इथं काय चाललं होतं?

दुसरी खूण त्याहून विचित्र होती. मोटरसायकलवर तो अगदी सरळ असायचा. खाली उतरला की डुलायला लागायचा. एकदा मी शाळेतून येताना न सांगता दुकानाकडे वळले. गिऱ्हाईक नव्हतं. तो खताच्या पोत्यांवर बसला होता, डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि हळूहळू डुलत होता. आता तो कशाचा आधार घेत नव्हता. चेहऱ्यावर बारीक हसू होतं. तो चेहरा मी चांगला ओळखत होते. दुसरा पेला संपला की तो असाच दिसायचा. मी तशीच मागं फिरले. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती बाटली सापडली असती तरी वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्याला बीडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तो यायला तयार नव्हता. जाईल आपोआप, म्हणत होता. त्यामुळे मी आणखीच हट्टाला पेटले. डॉक्टरांनी पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं, कानात बघितलं, चार पावलं चालवलं. मग म्हणाले, काही जणांना असं होतं. जहाजावर शरीर हलण्याची सवय करून घेतं, आणि जमिनीवर आल्यावर ती सवय सुटायला वेळ लागतो. कोणाला दिवस लागतात, कोणाला महिने. घाबरायचं कारण नाही. गाडीत बसल्यावर बरं वाटतं का, असं त्यांनी विचारलं आणि तो हो म्हणाला. मग त्यांनी विचारलं, फार त्रास होतो का?

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. वह्या तपासणाऱ्या बाईला हे बघणं पुरेसं होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी आदळत होती, उभी माणसं एकमेकांवर पडत होती. तो एकटा स्थिर बसला होता. घाटसावळी मागं गेल्यावर मी म्हणाले, "मणी मोजलेत मी तुमचे."

"माहीत हाय," तो म्हणाला. "जागाच होतो मी."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग तोच बोलला, समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत.

"मी घेतली न्हाई. जहाजावर न्हाई आन् हितंबी न्हाई. पर खरं सांगू का, हे हालणं मला लई आवडायलंय. आगदी तसंच वाटतंय, दोन पेल्यांवानी. न पिता. म्हणून डाक्टरकडं येत नव्हतो. हे जाईल म्हणून भेव वाटायलं."

आधी मला राग आला. इतक्या वर्षांनी, माळ घालून, नातवंडं व्हायच्या वयात ह्याला अजून तेच हवं होतं. मग तो राग कुठं ठेवावा ते कळेना. रोज संध्याकाळी मी त्याचा खांदा बघत आले. ह्यानं प्यायली का, एवढंच मी बघितलं. ह्याला प्यावीशी वाटते का, हे मी एकदाही विचारलं नाही. मी धरून चालले होते की माळ घातली त्या दिवशी ते संपलं. ते संपलेलं नव्हतं. ते रोज होतं, आणि रोज तो ते घेऊन दुकानातून घरी येत होता. दारूबद्दल त्यानं न सापडता मला खरं सांगितलं, अशी ही पहिलीच वेळ होती.

मी म्हणाले, "सांगितलं ते बरं केलंत." वडवणीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तो पुन्हा डुलायला लागला आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. पलंगाखालची बॅग मात्र मी लगेच रिकामी केली नाही. आणखी आठवडाभर ती तशीच राहिली, स्वभावाला काय करणार.

डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आम्ही दोघं सकाळी करायचो. हलणं हळूहळू कमी होत गेलं. आज जरा कमी आहे, असं तो सांगायचा, पोराचा ताप उतरल्याचं सांगावं तसं नव्हे, घरातलं धान्य संपत आल्याचं सांगावं तसं. उन्हाळा लागायच्या सुमारास एका सकाळी तो अंगणात उभा होता. पाय जुळवले, डोळे मिटले, बराच वेळ तसाच थांबला. मग डोळे उघडून म्हणाला, "थांबलं." सरळ उभा होता. ह्याच दिवसाची मी वाट बघत होते, आणि त्याचा चेहरा बघून मला धस्स झालं. मी डबा भरला आणि शाळेत गेले.

मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. शाळेच्या वेळेत तो कधीच फोन करत नाही. मी व्हरांड्यात आले. पोरांचा गलका चालू होता, म्हणून एका कानात बोट घातलं.

"दुकान बंद करायच्या टायमाला तू ये," तो म्हणाला. आणि मग, "वाटंत ते दुकान लागतंय. आज मला एकट्याला यायचं न्हाई. उद्याबी ये. थोडे दिस रोज ये."

मी हो म्हणाले.

संध्याकाळी मी गेले तेव्हा तो शटर ओढत होता. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि आम्ही निघालो. बाजारातून दोघांनी बरोबर चालायची आम्हाला सवय नाही. तो नेहमी चार पावलं पुढं असतो. त्या दिवशी तो माझ्या बरोबरीनं चालत होता. देशी दारूचं दुकान आलं तेव्हा दाराशी चार-सहा माणसं उभी होती, त्यातल्या दोघांनी त्याला ओळखून हात केला. मी दुकानाच्या बाजूला झाले. त्यानं माझं कोपर धरलं, घट्ट, दुखेल इतकं. दुकान मागं पडलं, पुढचा चौक आला, ओळखीची माणसं बघायला लागली, तरी त्यानं ते सोडलं नाही आणि मीही सोडवून घेतलं नाही.